माणसाने झाकण लावावं

आमच्या दुकानात दोन माणसं काम करतात आणि दोघंही सदासर्वकाळ समस्त मानवजातीबद्दल बोलत असतात. "माणसाने तेलाच्या डब्याचं झाकण लावावं," असं एकजण भिंतीकडे बघून म्हणतो. "काही लोकांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण दुसऱ्यांची झाकणं बरोबर दिसतात," असं दुसरा छताकडे बघून म्हणतो. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, काय विचारवंत मंडळी आहेत! विचारवंत कसले, डोंबल. झाकण न लावणारा हा दुसरा आणि चष्मा हरवणारा तो पहिला.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. झाकणावरून बोलणारे ते आमचे हे, आणि चष्म्यावरून टोमणा खाणारेही हेच. झाकण विसरणारे ते दादा, ह्यांचे थोरले भाऊ. एकच लांब बाक, खिडकीकडच्या टोकाला हे, आतल्या टोकाला दादा, मध्ये पोट उघडं टाकून पडलेल्या मशीनी, आणि दाराशी काउंटरवर मी. त्या दोघांचा अबोला नाही बरं का. अबोला असता तर मी कधीच मिटवला असता, अबोल्याला निदान सुरुवात-शेवट तरी असतो. हे दोघं दिवसभर बोलतात, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. तू, मी, तुझं, माझं हे शब्दच त्यांनी टाकून दिलेत. जे काय असेल ते 'माणसाने', 'काही लोकांनी', 'ज्याला कळतं त्याने'.

ह्याची सुरुवात मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी या घरात नवी होते. सासूबाईंची एक जुनी, हाताने चाक फिरवायची काळी मशीन होती, दोघं भाऊ तिच्यावरच काम शिकले. एकदा ती अडून बसली. ह्यांनी उघडली आणि एक स्क्रू फिरवायला गेले तर तो तसाच सुटून हातात आला. सासूबाई बघत होत्या, मी बघत होते, आणि दादा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "ज्याला जमत नाही, त्याने हात लावू नये." एवढंच. नव्या बायकोसमोर, आईसमोर. ह्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. दुसऱ्या दिवशी दुकानात हे म्हणाले, "ज्याला सगळंच जमतं, त्याने सगळं एकट्याने करावं." मग दादा काहीतरी म्हणाले, मग हे म्हणाले. ती मशीन सुटी करून एका पेटीत भरली, पेटी माळ्यावर गेली, आणि दोघांची गाडी त्या दिवसापासून मानवजातीवरून खाली उतरलीच नाही.

सासूबाई गेल्या, दादांची बायको गेली. दादांची मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. दादा दुकानाच्या वरच्या खोलीत एकटे राहतात आणि जेवायला आमच्याकडे असतात. ती पुतणी माझी गुणाची. तिने घर घेतलं तेव्हापासून तिचा एकच धोशा, बाबा, आता इकडे या.

तर एका दुपारी चहा पिता पिता दादा कपाला उद्देशून म्हणाले, "वय झालेल्या माणसाने लेकीजवळ जाऊन राहावं, असं म्हणतात."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोला. हे सुई निरखत होते. "ज्याला जिथे बरं वाटतं, तिथे त्याने जावं," हे म्हणाले. "अडवणाऱ्याने अडवू नये."

"बरोबर आहे," दादा म्हणाले आणि कप विसळायला गेले. झालं! एका माणसाचं आयुष्य उचलून दुसऱ्या शहरात ठेवायचं ठरलं आणि ते कोणी ठरवलं म्हणाल, तर कोणीच नाही.

त्या दिवसापासून ह्यांचं जेवण निम्म्यावर आलं. दादा वरच्या खोलीत ट्रंक उघडून बसायचे आणि पुन्हा बंद करायचे. मी वर चहा घेऊन गेले की विचारायचे, "काही म्हणाला का गं तो?" खाली आले की हे विचारायचे, "काही बोलला का, कधी निघतोय?" एका रात्री मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, "अहो, त्यांना जायचं नाहीये."

"तसं तो म्हणाला?"

"म्हणायला कशाला हवं? दिसत नाही का तुम्हाला?"

"मग झालं तर," हे म्हणाले आणि कूस बदलली. दादांना सांगितलं, तुम्ही जाऊ नये असं ह्यांना वाटतं, तर ते म्हणाले, "त्याला तसं वाटत असेल, तर त्याला देवाने तोंड दिलंय." म्हणजे माझ्या तोंडाचं बोलणं दोघांनाही चालत नव्हतं. मी तर बाई कंटाळून गेले. सांगायचं तर मला दादांची सवय होती, माया होती. सकाळी वरून त्यांचा खोकला ऐकू आला की दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं.

त्याच सुमारास माझा इंग्रजीचा क्लास चालू होता. हे खूळ मी स्वतःहून घेतलं होतं. मशीनचे सुटे भाग ज्या कंपनीकडून मागवायचे, तिथली बाई फोनवर इंग्रजीत बोलायची आणि मी नुसतं "येस, येस" करायचे. एकदा त्या येस-येसपायी बॉबिनऐवजी खोकंभर पट्टे आले. तेव्हा दादा म्हणाले होते, "होकार देण्याआधी माणसाने प्रश्न ऐकावा." दुसऱ्या दिवशी मी क्लासला नाव घातलं. तेव्हापासून ते मला मास्तरीण म्हणतात, अजून एक वाक्य धड येत नसताना.

क्लासच्या बाई तरुण होत्या, पण कडक. त्या आठवड्यात त्यांनी इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही उपपदं काढली. म्हणाल्या, "आपण मराठीत म्हणतो, कुत्रा इमानी असतो. कुठला कुत्रा, ते कोणी विचारत नाही. इंग्रजीला मात्र तोंड उघडायच्या आधी ते ठरवावं लागतं." मग फळ्यावर लिहिलं. सगळ्या कुत्र्यांबद्दल बोलायचं तर 'डॉग्ज', पुढे काही नको. कुठलाही एक घ्या, तो तसाच निघेल, असं म्हणायचं तर 'अ डॉग'. अख्खी जात एका नावात धरायची, पुस्तकात असते तशी, तर 'द डॉग'. "आणि 'द डॉग्ज' म्हणालात," बाई म्हणाल्या, "तर मी विचारणार, कुठली? कारण मग ती जगातली सगळी कुत्री नाहीत. तुमच्या-माझ्या माहितीतली, ठरावीक कुत्री झाली."

मग प्रत्येकाने एकेक सर्वसाधारण विधान करायचं होतं. कोणी मांजरावर केलं, कोणी डॉक्टरांवर. माझी पाळी आली आणि मनात जे होतं तेच बाहेर पडलं. "द ब्रदर्स डू नॉट टॉक."

"कुठले भाऊ?" बाईंनी विचारलं.

"आमचेच," मी म्हटलं.

वर्ग हसला. बाईही हसल्या. "मग वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण हे सर्वसाधारण विधान नाही. ही तुमच्या घरची गोष्ट आहे. जगातल्या सगळ्या भावांवर कशाला ढकलता?"

घरी येताना रस्ताभर ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. जगातल्या सगळ्यांवर कशाला ढकलता! अहो बाई, आमच्याकडे तर जग त्यासाठीच ठेवलंय. आणि इतकी वर्षं मीही ते चालवून घेतलं. कोणी 'काही लोक' म्हणालं की मीच आपली समजून घ्यायचे, मीच आपली हसून साजरं करायचे. त्या दोघांना कधी कोणी विचारलंच नव्हतं, कुठले लोक म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाकाशी बसतात न बसतात तोच सुरू झाले. "माणसाने तेलाच्या डब्याचं झाकण लावावं."

"कुठल्या माणसाने?" मी काउंटरवरून विचारलं.

हे दचकले. "म्हणजे? कुठल्याही माणसाने."

"मी लावू?"

"तू कशाला? तू थोडंच उघडलंस?"

"मग ज्याने उघडलं त्याला सांगा ना. इथे तिघंच आहोत आपण."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर दुकानात नाचायला लागले. आतल्या टोकाला दादा खुदकन हसले आणि म्हणाले, "काही लोकांना क्लासचा फार गुण आलेला दिसतो."

"कुठल्या लोकांना, दादा?"

"अगं तुला गं, मास्तरीण!"

"बघा," मी म्हटलं, "जमतं तुम्हाला."

मग मी हात धुऊन मागेच लागले. काही लोक म्हटलं की कुठले, माणूस म्हटलं की कोणता. दुपारपर्यंत दोघंही मेटाकुटीला आले. हे चिडून म्हणाले, "बायकांनी नवऱ्याच्या कामात..." आणि माझ्या नजरेला नजर मिळताच बाकीचं वाक्य गिळून टाकलं. त्यानंतर दुकानात अशी शांतता पसरली की पलीकडच्या चावीवाल्याने डोकावून विचारलं, कोणी गेलंय का? खोटं कशाला बोलू, मला भीतीच वाटली. होतं ते बोलणंही मी बंद पाडलं की काय? ट्रंक तर भरून तयार होती. जावई रविवारी गाडी घेऊन येणार होता.

शनिवारी बॅगवाल्या बाई आल्या. त्या शाळेची दप्तरं शिवतात, त्यांची मशीन दांडगी, जाड कापडाची. दोन माणसांनी उचलून आत आणली. "टाके सोडतेय," बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "शाळा सोमवारी उघडतेय आणि माझी निम्मी दप्तरं पडलीत. आज नाही झालं तर माझं काही खरं नाही." आणि त्या हट्टाने स्टुलावर बसल्या. मशीन घेतल्याशिवाय उठणार नव्हत्या.

हे काम एकट्याचं नव्हे. सुई खाली जाऊन जराशी वर येते, त्याच क्षणी हुकाचं टोक तिच्या पाठीशी येऊन धागा पकडायला हवं. मागेपुढे झालं की टाका सुटला. आमच्याकडे चाक दादा धरतात. त्यांच्या डोळ्यांना आता सुई नीट दिसत नाही, पण हाताला कळते. केसभर फिरवायचं म्हटलं तर केसभरच फिरवतील. आणि हे खाली वाकून बॅटरीच्या उजेडात हुक बघतात आणि स्क्रू आवळतात. दोघांच्या दोन अवयवांचं मिळून एक माणूस होतं, तेव्हा कुठे मशीन शिवते.

"पुढे न्यावं," हे खालून म्हणाले. दादांनी चाक नेलं. "बस. थांबावं." स्क्रू आवळला. कापड घातलं, चाक फिरवलं, टाका सुटला. पुन्हा सैल केलं, पुन्हा आवळलं, पुन्हा सुटला. असं कधी होत नाही. बॅगवाल्या बाई पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या होत्या. हे घामाघूम होऊन वर आले आणि चाकाकडे बघत म्हणाले, "चाक धरणाऱ्याचं मन जागेवर नसलं, तर खालच्याने काय करायचं?"

मी ठरवलं होतं, आज गप्प बसायचं. तरी तोंडातून गेलंच. "कुठल्या चाक धरणाऱ्याचं?"

"माझं!" दादा एकदम ओरडले. त्यांचा हात चाकावरच होता. "माझं मन जागेवर नाही. पुरे झालं? उद्या मी जाणार आणि हा एका शब्दाने जाऊ नको म्हणाला नाही. एका शब्दाने!"

हे बॅटरी हातात धरून उभे होते, ती त्यांच्याच पोटावर उजेड पाडत होती. मग ह्यांचा आवाज आला, लहान मुलासारखा, "तू कुठे विचारलंस?"

"म्हणालो की चहाच्या वेळी."

"तू म्हणालास, वय झालेल्या माणसाने लेकीजवळ राहावं."

"मग या दुकानात वय कोणाचं झालंय? त्या चावीवाल्याचं?"

"मला वाटलं, तुझं ठरलंय. तुला इथे नको झालंय." ह्यांनी बॅटरी खाली ठेवली. "दादा, तू गेलास तर चाक कोण धरणार, हा प्रश्न नाही. चाकाला माणूस मिळेल. मी सकाळी वर बघून शिव्या कोणाला घालायच्या? तू जाऊ नकोस. मला नाही करमणार तुझ्याशिवाय."

बोलून गेले आणि स्वतःच घाबरले. इतक्या वर्षांत मीही ह्यांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं, माझ्या वाट्याला तर नाहीच आलं, पण त्या क्षणी मला त्याचंही काही वाटलं नाही. दादा स्टूल शोधायला लागले. बॅगवाल्या बाई उठल्या आणि त्यांनी स्वतःचं स्टूल पुढे केलं.

"तुला मी नको असेन, असंच मला वाटत आलं," दादा बसून म्हणाले. "आईच्या मशीनपासून."

"ते तू काढू नकोस," हे म्हणाले. "ज्याला जमत नाही त्याने हात लावू नये, म्हणालास. हिच्यासमोर. आईसमोर. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

दादा ह्यांच्याकडे बघतच राहिले. "तुला?" ते म्हणाले. "अरे, तुला कुठे म्हणालो मी?"

"मग कोणाला?"

"मला! मला म्हणालो मी." दादांनी कपाळावर हात मारला. "आदल्या दिवशी तू बाहेरगावी होतास. मीच उघडली होती मशीन. जोर लावला आणि स्क्रूचे आटे गेले. आई ओरडेल म्हणून दोऱ्याचा तुकडा गुंडाळून तसाच बसवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात तो आला, तुझा चेहरा बघवेना. सांगावं म्हणून दारात आलो आणि तोंडातून तेवढंच निघालं. मला वाटलं, तुला कळलं. तुला कळलंय आणि म्हणूनच तू चिडलायस, असं धरून चाललो मी."

माझ्या डोळ्यांपुढे तो दरवाजा आला, त्यात उभे असलेले दादा आले, आणि मला पहिल्यांदा आठवलं की ते बोलताना ह्यांच्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते. मी तिथेच होते, मलाही नव्हतं कळलं. मला दादांची दया आली आणि ह्यांची आली, आणि संतापही इतका आला की दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. एवढी वर्षं! सासूबाई ह्याच काळजीत गेल्या. एक 'मी' म्हणायला काय जात होतं तुमचं?

"मग असं सांगायचं ना, माठ्या!" हे म्हणाले. थोरल्या भावाला माठ्या! आणि हसायला लागले, आणि हसता हसता शर्टाच्या बाहीला डोळे पुसायला लागले.

"तू तरी विचारायचं होतंस, बारक्या," दादा म्हणाले.

बारक्या म्हणजे आमचे हे. आता त्यांचं पोट बाकाला टेकतं. पण हे नाव मी लग्नानंतर पहिले काही दिवस ऐकलं होतं आणि नंतर कधीच नाही. मी वळून कपाटात सुया शोधायला लागले. सुया समोरच होत्या, मला दिसत नव्हत्या.

बॅगवाल्या बाई खाकरल्या. "तुमचं चालू दे," त्या म्हणाल्या, "पण माझी दप्तरं तेवढी..."

"हो हो," दादा उठले. चाकाला हात लावला. हे खाली वाकले. "थोडं पुढे घे, दादा. अजून थोडं. आता धरून ठेव." स्क्रू आवळला. कापड घातलं. मशीनने एकही टाका न सोडता सरळ शिवण घातली, आणि बाईंनी ती शिवण हातात घेऊन ओढून, उलटीपालटी करून बघितली. जाताना मला हळूच म्हणाल्या, "भाऊ असावेत तर असे." मला विचारावंसं वाटलं, कुठले? पण म्हटलं, जाऊ दे, आजचा दिवस पुरे.

संध्याकाळी पुतणीचा फोन आला, उद्या किती वाजता गाडी पाठवू म्हणून. दादांनी फोन कानाला लावला आणि बाकाच्या टोकाशी उभे राहून बोलायला लागले. माळ्यावरची पेटी खाली आली होती, सासूबाईंच्या मशीनचे भाग कागदावर मांडून ठेवले होते आणि हे त्यातला तो आटे गेलेला स्क्रू बोटांत धरून बसले होते.

"येणार ना, नक्की येणार," दादा सांगत होते. "पण भेटायला येणार. महिनाभर राहीन आणि परत येईन. नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. तो जाऊ देत नाही मला." थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत बघितलं, आणि आवाज चढवून म्हणाले, "तो म्हणजे कोण काय? बारक्या! माझा भाऊ."

हे स्क्रूकडे बघत राहिले आणि त्यांचे कान लाल झाले. तेलाच्या डब्याचं झाकण बाकावर उघडंच पडलं होतं, आणि त्याचं कोणालाही काही पडलेलं नव्हतं.